द्राक्षमळ्यांतील शांत रस्ते आणि आपल्या पाणंदी

सायकल हे वाहन शेतकऱ्याच्या घरात नवे नाही. दुधाचे कॅन, सरकीच्या पेंडीचे पोते, शाळेत जाणारी मुलगी आणि पंपाचा बिघडलेला भाग ही सारी ओझी तिने एक पिढीभर वाहिली. पुढे घरोघर फटफटी आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत पडली. आश्चर्य असे की, ज्या काळात खेड्याने सायकल टाकली त्याच काळात शहरातील सुखवस्तू मंडळींनी ती उचलली. बैलजोडीच्या किमतीची सायकल घेऊन ही मंडळी सुटीच्या दिवशी पहाटे घराबाहेर पडतात, आणि त्यांना हवा असलेला रस्ता मोठा मासलेवाईक असतो. तो मोटारींच्या वर्दळीचा नसावा, चढ-उतारांचा असावा, टेकड्यांमधून वळणे घेत जावा, आणि शक्य तर त्याच्या दोन्ही अंगांस द्राक्षांचे मळे असावेत. भूमध्य समुद्राच्या काठी इटली, फ्रान्स, स्पेन या देशांच्या डोंगराळ द्राक्षप्रदेशांत अशा संथ सायकलप्रवासावर कित्येक गावे आज चार पैसे मिळवीत आहेत. आपल्या राज्यात नाशिकच्या बाजूस त्याची सुरुवात झालेली आहे.

शेतकीच्या मासिकात या विषयाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, या प्रवाशाला जो रस्ता हवा असतो तो बहुधा शेताकडे जाण्यासाठी केलेला असतो. त्याच्या कडेची शोभा शेतकऱ्याच्या पिकाची असते. आणि तेथे अजून शेती चालते म्हणूनच तो रस्ता शांत राहिलेला असतो. तेव्हा या व्यवहाराचे उत्पन्न कोणाच्या पदरी पडते, रस्ता कोणाच्या हाती राहतो, आणि त्यातले आपल्या कामाचे काय, हे पाहणे जरूर आहे.

आम्ही कनेरगाव नाक्याचे रहिवासी. एके काळी पैनगंगेच्या अलीकडे निजामी अंमल आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड अशी स्थिती होती; गावाच्या नावातील ‘नाका’ हा शब्द त्या सरहद्दीची आठवण करून देतो. आज गावावरून अकोल्याहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि त्यावर सायकल घालणे म्हणजे मालमोटारींच्या वाऱ्याशी झुंज घेणे होय. परंतु महामार्ग सोडून अर्धा कोस आत गेले की निराळे जग लागते. महसूल खात्यात कारकुनी करीत असता पैसेवारीच्या आणि पीक कापणी प्रयोगांच्या दिवसांत आम्ही हे आतले रस्ते सायकलने पुष्कळ तुडविले. मोटारीतून जाणाऱ्यास शिवार एकदम दिसते आणि एकदम नाहीसे होते. सायकलवरच्या माणसास तुरीवरील अळी, हळदीच्या पानाचा पिवळेपणा, बांध कोणी कोरला आणि कोणाच्या विहिरीवरचे इंजिन सुरू आहे, इतके सर्व कळते. ती सवय सेवानिवृत्तीनंतरही सुटली नाही.

गेल्या माघात नाशिक येथे राहणाऱ्या आमच्या भाच्याने बोलावणे धाडले की, “मामा, द्राक्षांची तोड चालू आहे, या दिवसांत या, सायकली मी पाहून ठेवतो.” त्याप्रमाणे आगगाडीने गेलो व चार दिवस त्या भागात सायकलने हिंडलो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्ही नर्सीच्या नामदेवरायांच्या मुलखातील माळकरी. वाइन आम्ही चाखली नाही, आणि म्हणून तिच्या चवीविषयी या लेखात एक अक्षरही नाही.

नाशिक शहरातून गंगापूरच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले की प्रथम दाट वस्ती लागते, मग हळूहळू घरे विरळ होत जातात. गंगापूर धरण हे गोदावरीवरील मातीचे धरण आहे. त्याच्या फुगवट्याच्या कडेने गेलेल्या रस्त्यावर माघातील सकाळी धुके असते आणि थंडी अशी की हँडलवरची बोटे आखडतात. पुढे गिरणाऱ्यापर्यंत पंधरा-अठरा किलोमीटरांची वाट कुठे चढती, कुठे उतरती अशी आहे. चढ फार मोठे नाहीत, पण सलग येतात. गिअरच्या सायकलीवर मागचे मोठे चाक घातले म्हणजे पन्नाशी उलटलेल्या माणसालाही ते जड जात नाहीत. मात्र उतारावर वेगाचा मोह आवरावा लागतो, कारण वळणापलीकडे क्रेट भरलेला ट्रॅक्टर उभा असतो. गिरणाऱ्याच्या चौकात भल्या पहाटे पेठ-हरसूलकडील आदिवासी मजूर कामाच्या शोधात उभे असतात आणि टोळ्याटोळ्यांनी बागांवर जातात. ज्याला हा रस्ता रमणीय म्हणून पाहावयाचा आहे त्याने या चौकात दहा मिनिटे थांबून मगच पुढे जावे. त्या मळ्यांची सगळी रमणीयता या माणसांच्या हातांनी छाटलेली, बांधलेली आणि तोडलेली असते.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीवरून वणीकडे गेलो. हा रस्ता राबता आहे, म्हणून शक्य तेथे आडवाटा धरल्या. समोर सातमाळ्याची डोंगररांग आडवी पसरलेली, तीत सप्तशृंगीचा गड आणि शेजारी मार्कंड्या. खाली काळ्या-तांबूस जमिनीत द्राक्षबागांच्या सरळ ओळी. युरोपातील द्राक्षप्रदेशांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा देखावा ओळखीचा वाटेल. ओळखीचा तो तेवढ्यापुरताच. वेलीचे वर्तन मात्र दोन्ही ठिकाणी सर्वस्वी निराळे आहे. इटली किंवा फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल पाने टाकून झोपी जाते, तेव्हा वर्षातून एकदा छाटणी पुरते आणि द्राक्षे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास तोडणीस येतात. आपल्या उष्ण हवेत वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काड्या तयार कराव्या लागतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहाराची छाटणी करून त्या काड्यांवर घड धरावे लागतात. फळ येते ते थंडीत व थंडीच्या अखेरीस. एका पिकासाठी दोनदा कात्री, दोनदा मजुरी आणि मध्ये केवडा व भुरी यांचे भय, हा नाशिककर बागायतदाराचा जमाखर्च होय.

खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे यांतील भेद आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक नसतो, म्हणून तो येथे सांगतो. खाण्याच्या थॉमसनसारख्या जातींत बी नसते, मणी लांबट व फुगीर व्हावा म्हणून घड संजीवकात बुडवितात, मणी विरळ करतात. वाइनच्या शिराझ, कॅबरने, शेनॅं ब्लां, सोव्हिनियॉं ब्लां या जातींचा मणी लहान, बियाळ व जाड सालीचा असतो. त्याला बुडविणे नको, विरळणी नको. उलट भार कमी ठेवून साखर चढू द्यावयाची. देखभालीचा खर्च त्यामुळे कमी पडतो आणि भाव रसातील साखरेच्या मापावर आधी ठरतो. ऐकावयास हे फार गोड वाटते. पण त्या मण्याला बाजार समितीत गिऱ्हाईक नाही, हातगाडीवर गिऱ्हाईक नाही, बेदाण्यालाही तो नको. त्याला जगात एकच गिऱ्हाईक आहे, आणि ते म्हणजे ज्याच्याशी करार झाला तो कारखाना.

या गोष्टीचा अर्थ आम्हांस एका बागेच्या बांधावर समजला. चाकात काटा गेला म्हणून भाचा पंक्चर काढीत बसला होता. बागेचा मालक, चाळिशीतला गृहस्थ, पाणी घेऊन आला. आमच्या प्रश्नांवरून आम्ही शेतकऱ्यांतले आहोत हे त्याने ओळखले असावे.

“काका, हे द्राक्ष खायला कोणी घेत नाही,” तो म्हणाला. “कंपनीने उचललं तर सोनं, नाही तर बांधावर ढीग. आमच्या वडिलांनी दोन एकर शिराझ लावली होती. दोन वर्षं पैसे आले. तिसऱ्या वर्षी माल तयार, आणि गाडीच आली नाही.”

“मग बाग उपटली का?” आम्ही विचारले.

“उपटली नाही. खाली खुंट डॉगरिजचा, चांगला मुरलेला. वरून थॉमसनचं कलम बांधलं. आता अर्धा एकर पुन्हा शिराझ आहे, पण लेखी करार आणि हातात उचल, याशिवाय नाही.”

हे त्या एकट्या कुटुंबाचे दैव नव्हते. त्यामागची हकीगत अशी. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनवरील करात सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांसाठी जागा काढल्या. नाशिकनजीकच्या सुला या कारखान्याची पहिली वाइन त्याच सुमारास, २००० साली, बाजारात आली होती. तिचे यश पाहून पाठोपाठ पुष्कळ कारखाने निघाले आणि शेतकऱ्यांनी त्यांच्या भरवशावर बागा लावल्या. २००८ साली जगात मंदी आली, त्याच वर्षाअखेर मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतील गिऱ्हाईक आटले, आणि २००९ च्या सुमारास कित्येक कारखान्यांनी माल उचलण्याचे नाकारले. त्या एकदोन वर्षांत नाशिक भागात वाइनच्या पुष्कळ बागांवर कुऱ्हाड चालली. जे कारखाने टिकले त्यांच्यापैकी काहींनी निराळी युक्ती काढली. केवळ बाटली विकण्याऐवजी त्यांनी पाहुण्यास मळ्यात आणले. सुलाने २००५ सालीच चाखण्याची खोली उघडली होती. पुढे खानावळ, मुक्काम, गाण्याचे जलसे अशी ती वाढत गेली. याच पाहुण्यांबरोबर सायकलवालेही आले. नाशिकला सायकलीचे वेड आधीपासून मोठे. २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकलशर्यत दोघांच्या चमूने पुरी केली, हे वाचकांस स्मरत असेल.

आता खरा मुद्दा. रविवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत गंगापूरच्या बाजूचे रस्ते सायकलवाल्यांचे असतात. दहानंतर ते मोटारींचे होतात. पाहुणा वाढला की मोटार वाढते, मोटार वाढली की रस्ता रुंद करण्याची मागणी होते, रस्ता रुंद झाला की बांधाकडेची जमीन घरबांधणीसाठी विकली जाते. बिनशेतीच्या पाट्या आम्ही त्या भागात मोजू लागलो होतो, पुढे मोजणे सोडून दिले. जुन्या कारकुनाची ही खोड. त्याला डोंगराआधी पाटी दिसते. ज्या मळ्यासाठी पाहुणा आला तो मळाच अशा रीतीने पाहुण्यामुळे नाहीसा होण्याचा संभव असतो. येथे युरोपातील दोन उदाहरणे आपल्या उपयोगी पडण्यासारखी आहेत, आणि दोन्हीही द्राक्षांच्या व डोंगरांच्याच प्रदेशांतील आहेत.

पहिले उदाहरण इटलीतील कियांती या भागाचे. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधला हा टेकड्यांचा मुलूख द्राक्षांसाठी इतका जुना नामांकित की, तेथील राजाने १७१६ साली फर्मान काढून त्याच्या सीमा ठरवून दिल्या. परंतु जमीन कसणाराची स्थिती तेथे शतकानुशतके अर्धेलीची होती. मालकाची जमीन व घर, कुळाचे कष्ट, आणि पिकाचे दोन वाटे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची मुले कारखान्यांत गेली, डोंगरावरची दगडी घरे ओस पडली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले; पण तोपर्यंत पुष्कळ कुळे निघून गेली होती. (आपल्याकडे हैदराबादचा कुळकायदा १९५० सालचा. तो आमच्या हयातभर टेबलावर राहिला, म्हणून ही तुलना सुचली.) पुढे शहरांतील व परदेशांतील धनिकांनी ती ओस घरे घेतली, आणि त्यांच्या मोटारींसाठी खडीचे रस्ते एकामागून एक डांबरी होऊ लागले.

या खडीच्या रस्त्यांना तेथे ‘पांढरे रस्ते’ म्हणतात, कारण ते चुनखडीच्या बारीक खडीचे असतात. उन्हाळ्यात त्यांवरून सायकल गेली की मागे पांढरी धूळ उठते, पावसात तिचा चिखल होतो. हे रस्ते म्हणजे कुळांच्या बैलगाड्यांचे जुने मार्ग. गायोले या गावी १९९७ साली जांकार्लो ब्रोची नामक गृहस्थाने ते वाचविण्यासाठी एक युक्ती केली. त्याने या रस्त्यांवरून जुन्या सायकलींची एक फेरी काढली व तिला ‘एरोइका’, म्हणजे वीरांची, असे नाव दिले. नियम असा की, सायकल १९८७ च्या आधीच्या बनावटीची हवी, गिअरच्या दांड्या चौकटीच्या नळीवर हव्यात, आणि अंगात लोकरीचा सदरा. वाटेत खाण्यास पाव, भाज्यांचे दाट सार आणि त्याच भागातील द्राक्षांचा रस. पहिल्या वर्षी शंभरदेखील माणसे नव्हती. आज दर वर्षी हजारो येतात, आणि नोंदणी न मिळाल्यामुळे परतही फिरतात. २००७ पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर धंदेवाईक शर्यतही होऊ लागली. एके काळी मागासपणाची खूण समजले जाणारे मातीचे रस्ते आता तेथील लोक जपतात, आणि खुणांच्या पाट्या लावलेली सुमारे दोनशे किलोमीटरांची वाट बारा महिने खुली असते.

इतकेच असते तर ही हौशी लोकांची कहाणी झाली असती. तिला बळकटी आली ती कायद्याने. इटलीने १९८५ साली शेतीपर्यटनाचा कायदा केला, आणि त्यात मुख्य अट घातली ती ही की, पाहुण्यांचा धंदा शेती करणाऱ्यानेच करावयाचा व तो शेतीला पूरक असावयाचा. शेती ही मुख्य राहिली पाहिजे. २००६ साली कायदा नव्याने झाला तेव्हाही हे तत्त्व कायम राहिले. खोल्या भाड्याने देऊन वेली उपटल्या तर परवाना राहत नाही, असा त्याचा आशय. आपल्या राज्याचे कृषिपर्यटन धोरण २०२० साली आले. त्याचा लाभ घेऊ पाहणाऱ्यांनी इटलीतील ही अट आपल्यापुरती स्वतःहून लावून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहुण्याची मिळकत कितीही मोठी दिसली तरी ती साथीच्या एका वर्षात शून्य होते. २०२० साली ते सर्वांनी पाहिले.

दुसरे उदाहरण दक्षिण फ्रान्सचे, आणि ते सहकारी संस्थेच्या सभासदांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. लांगदॉक हा प्रदेश स्वस्त वाइनचा. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मालाचा पूर आला, त्यात साखर व पाणी घालून बनावट माल करणाऱ्यांनी भर घातली, आणि दर इतके कोसळले की छोट्या बागायतदारास तोडणीही परवडेना. १९०७ साली आर्जेलिए गावचा मार्सेलँ आल्बेर हा साधा बागायतदार व गावातील खानावळवाला उठला आणि पाहता पाहता लाखोंच्या सभा भरू लागल्या. नारबॉनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. ज्या पलटणीत त्याच भागातील शेतकऱ्यांची मुले होती तिने बंड केले. अखेर बनावट मालाविरुद्ध कायदा झाला. परंतु कायद्याहून टिकाऊ काम आधीच सुरू झालेले होते. मारोसाँ गावच्या छोट्या बागायतदारांनी १९०१ साली एकत्र येऊन आपला माल एकत्र विकण्यास आरंभ केला व पुढे सर्वांच्या द्राक्षांसाठी एकच कोठार बांधले. १९०७ नंतर अशी सहकारी कोठारे त्या प्रदेशात गावोगाव झाली. आज त्या बाजूस सायकलने जाणाऱ्यास जवळजवळ प्रत्येक खेड्याच्या तोंडाशी असे एक भक्कम कोठार आढळते. आमच्या बांधावरच्या त्या गृहस्थास ज्याची वाण पडली ती हीच वस्तू. एकच गिऱ्हाईक असलेले पीक एकट्याने लावू नये. लावणे असेल तर गिऱ्हाईकाशी बोलणी करणारी संस्था आधी असावी, वेल मागून. नाशिकच्या शेतकऱ्यास हे अपरिचित नाही. ओझर येथील शेतकऱ्यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था काढल्या व पाणी मोजून घेऊन ते आपसांत वाटून देण्याचा वस्तुपाठ घालून दिला. मोहाडी येथे सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी खाण्याची द्राक्षे परदेशी धाडते. वाइनच्या द्राक्षांत मात्र तसे बळ उभे राहिलेले आम्हांस दिसले नाही.

आता आपल्याकडे वळू. हिंगोली जिल्ह्यात कोणी वाइनची द्राक्षे लावावीत असे आम्ही म्हणत नाही. आपली हळद आणि सोयाबीन आपल्याला पुरे. परंतु कियांतीचे पांढरे रस्ते पाहून जी वस्तू आठवावी ती आपल्याकडे गावोगाव आहे, आणि तिचा आपण दर वर्षी नांगराच्या तासाने एक-एक वीत नाश करीत आहो. ती वस्तू म्हणजे पाणंद. जुन्या गाव नकाशावर पाहावे. दुहेरी तुटक रेषा हा गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा हा पायमार्ग. या रेषा कागदावर जितक्या ठळक तितक्या रानात पुसट झालेल्या आहेत. कोठे बांध पुढे सरकला, कोठे बोरी-बाभळींनी वाट गिळली, कोठे मधल्याच खातेदाराने तारेचे कुंपण ओढले. पावसाळ्यात मग हळदीचे बेणे डोक्यावरून न्यावे लागते, हार्वेस्टर शेतात शिरत नाही म्हणून सोयाबीन दोन पावसांत भिजते, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ज्या फौजदाऱ्या होतात त्यांचे मूळ निम्म्याहून अधिक वेळा या एका विताचे असते, असे आमचा नोकरीतील अनुभव सांगतो.

यावर उपाय कागदोपत्री पुरेसे आहेत. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते, आणि आमचे पुष्कळ शेतकरी ‘भावकीत कशाला’ म्हणत ती मुदत घालवितात. नवा रस्ता बांधावरून हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ खाली अर्ज करावा. अर्जासोबत कच्चा नकाशा, सातबारा व लगतच्या खातेदारांची नावे असावीत. गाव नकाशाची नक्कल भूमि अभिलेख कार्यालयातून मिळते. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आहे, आणि शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय शासनाने २०२५ साली केला. या नोंदीचे महत्त्व वाचकांनी कमी समजू नये. तोंडी वहिवाट माणसाबरोबर मरते, सातबाऱ्यावरची ओळ विकत घेणाऱ्यासही बांधते.

पाणंद रुंद व मोकळी करताना एक विवेक मात्र पाळावा. दोन्ही कडांची झाडे सरसकट तोडून सिमेंटचा पट्टा ओतला म्हणजे काम झाले, असे गुत्तेदारास वाटते. मुरूम दाबून, कडेला चर काढून, निंब-करंजांची ओळ राखून केलेला रस्ता ट्रॅक्टरलाही चालतो आणि चैत्रात पायी जाणाऱ्या बाईलाही चालतो. अशा एखाद्या वाटेने उद्या नर्सीला किंवा औंढ्याला जाणारा सायकलवाला आलाच, तर त्याला ताक द्यावे, हवे तर त्याचे पैसेही घ्यावेत. पण त्याच्यासाठी म्हणून वाट करू नये; हळदीच्या गाडीसाठी करावी.

ज्यांस नाशिकची वाट प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. मुंबईहून जालन्यापर्यंत येणारी जनशताब्दी गाडी २०२४ साली हिंगोलीपर्यंत वाढविली गेली, ती नाशिकरोडवर थांबते. जाणे ते पौष-माघात. फाल्गुनानंतर ऊन सोसत नाही आणि तोडही संपत आलेली असते. शनिवार-रविवार टाळावे. पहाटे उजाडताच निघून अकराच्या आत परतावे, दोन बाटल्या पाणी, एक जास्तीची ट्यूब आणि हवा भरण्याचा पंप जवळ असावा. कोणाच्या बागेत विचारल्यावाचून शिरू नये. पायांबरोबर रोग एका बागेतून दुसरीत जातो, आणि बागायतदार हे बोलून दाखवीत नसला तरी त्याला ते आवडत नाही. बसावयाचे असेल तर पॅकिंगच्या शेडबाहेर बसावे. तेथे जे कळते ते चाखण्याच्या खोलीत कळत नाही.

आमच्या शिवारातील नदीकडे जाणाऱ्या पाणंदीचा अर्ज परतल्यानंतर पंधरा दिवसांत दिला. तिच्या कडेला सात खातेदार आहेत. पाच जणांच्या सह्या झाल्या. एकाने हळद काढून होईपर्यंत थांबा म्हटले आहे, आणि एक पुण्यास असतो. मोजणी रान मोकळे झाल्यावर, वैशाखात धरली आहे.